वेलीचं उष्टं पाणी

खिडकीच्या कट्ट्यावर पाच मुंग्या मरून पडल्या होत्या. रविवार होता, सकाळचे साडेनऊ. मी फडकं घेऊन कट्टा पुसत होते आणि मुंग्या दिसल्यावर हात थांबला. मुंग्या मरतात, त्यात विशेष काही नाही. पण या पाचही एकाच जागी, फुलांच्या झुबक्याच्या बरोबर खाली, पाय आवळून पडल्या होत्या. मी बघत असताना त्यांच्या शेजारी एक थेंब पडला. मी वर पाहिलं. मेणाच्या वेलीच्या फुलांतून मध गळत होता.

औषध घातल्याला तीन आठवडे आणि दोन दिवस झाले होते. हा आकडा मला आठवावा लागला नाही, तो आपोआप समोर आला.

वेल सासूबाईंची. शास्त्रीय नाव होया. आमच्या घरात मेणाची वेल. पानं जाडजूड, आणि फुलं गुलाबी चांदण्यांसारखी, तीस-पस्तीस एकत्र, उलट्या धरलेल्या छत्रीसारखी लोंबणारी. हात लावला तर खरंच मेणाची वाटतात. रानात ही वेल मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहते. झाडाचं काही खात नाही, फक्त आधार घेते. तिच्या मुळांना मातीपेक्षा हवा लागते, म्हणून आमच्या कुंडीत माती नव्हतीच. झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा. वरून पाणी घातलं की ते चाळणीतून गेल्यासारखं खालच्या थाळीत उतरायचं. थाळीत ते साचू द्यायचं नाही, नाहीतर मुळं कुजतात. सासूबाई म्हणायच्या, "दोन वेली पाणी पाजून मारल्या, तेव्हा कुठे मला अक्कल आली."

त्यांचे आणखी दोन नियम होते. कळ्या धरल्या की कुंडी जागची हलवायची नाही. वेल रुसते आणि कळ्या टाकते. आणि फुलं गळून गेल्यावर मागे राहणारी बोडकी दांडी कापायची नाही, कारण पुढच्या वर्षीची फुलं त्याच दांडीवर येतात. हा दुसरा नियम मला ठाऊक नव्हता. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच महिन्यात, घर आवरण्याच्या उत्साहात, मी नऊ वाळक्या दांड्या कात्रीनं साफ केल्या. सासूबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. वेल मात्र तीन वर्षं फुलली नाही, आणि त्या तिन्ही वर्षी आल्यागेल्याला त्या कौतुकानं सांगायच्या, "आमच्या सूनबाई शास्त्रज्ञ आहेत बरं का. वेलीचं ऑपरेशन त्यांनीच केलंय."

मी शास्त्रज्ञ नाही. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत विश्लेषक आहे. पण ती नऊ दांड्यांची गोष्ट अकरा वर्षं माझ्या पायात काट्यासारखी होती, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं असं मला वाटतं.

या वर्षी वेलीला कधी नव्हेत इतक्या कळ्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग पिठ्या ढेकूण आला. पानांच्या बेचक्यांत कापसाचे बारीक पुंजके दिसतात, तोच. सासूबाई रोज सकाळी चष्मा नाकावर ओढून, काडीला कापूस गुंडाळून, साबणाच्या पाण्यानं एकेक किडा टिपायच्या. "हा बघ, याचा काका पानामागे लपून बसलाय," असं लिंबीला दाखवायच्या. लिंबी माझी मुलगी, सहा वर्षांची. जन्मली तेव्हा कावीळ होऊन पिवळीधमक झाली होती, ते नाव आजीनं तेव्हाच ठेवलंय.

मी एकदा कुंडीच्या कडेची साल उचकून पाहिली. मुळांवरही पांढरं होतं. साबणाचं पाणी तिथपर्यंत पोचणार नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "आई, याला दाणेदार औषध घालायला हवं." त्यांनी काडीवरून नजर न उचलता सांगितलं, "माझ्या घरात विष येणार नाही. कळ्या गेल्या तरी चालतील."

ते मी आणलं. आमच्या कामाच्या ठिकाणी काचघरातल्या रोपांसाठी ते असतं. मुळांतून शोषलं जातं आणि झाडाच्या सगळ्या अंगात पसरतं. इमारतीबाहेर न्यायची परवानगी नाही. मी दहा ग्रॅम नमुन्याच्या बाटलीत घेतलं. बाटलीवर लेबल लावलं: औषधाचं नाव, त्यातलं विषाचं प्रमाण, वजन, तारीख. सासूबाई बँकेत गेल्या होत्या तेव्हा हातमोजे घालून दाणे सालीखाली दडपले, वर साल सारखी केली, मोजे दोन पिशव्यांत गुंडाळून फेकले, रिकामी बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात ठेवली. नव्या मुलांना मी प्रयोगशाळेत हेच शिकवते. कुठेही चूक नव्हती.

आठ दिवसांत ढेकूण गेला. सासूबाईंनी साबणाला श्रेय दिलं आणि मी ते त्यांना घेऊ दिलं. मनातून मी खूश होते, हेही सांगायला हवं.

आणि आता पाच मुंग्या. झाडाच्या सगळ्या अंगात म्हणजे मधातसुद्धा.

मी फडकं खाली ठेवलं आणि कात्री आणायला वळले. झुबके कापून पिशवीत बांधायचे, बाकीचं नंतर बघू, असं ठरवलं होतं. स्वयंपाकघरातून कात्री घेऊन परत आले तेव्हा लिंबी खुर्चीवर चढून उभी होती. मान मागे टाकलेली, जीभ बाहेर. झुबक्यातल्या एका फुलावरचा थेंब तिनं जिभेवर घेतला आणि ओठ मिटले.

"लिंबी!"

माझा आवाज असा काही निघाला की ती खुर्चीवरून जवळजवळ पडलीच.

"गोड असतं गं आई," ती म्हणाली. "आजीपण घेते. एक थेंब. तिला साखर चालत नाही ना, म्हणून एकच."

"किती घेतलेस? आत्ता किती?"

"तीन. नाही, चार."

"आणि काल?"

ती रडायला लागली. मी तिला उचलून मोरीवर नेलं, चूळ भरायला लावली, जीभ फडक्यानं पुसली, पुन्हा चूळ. आरडाओरडा ऐकून सासूबाई आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आल्या.

गेले चार दिवस त्यांना बरं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ सुटायची, पोटात कळ, दरदरून घाम. सकाळी सुरू व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत ओसरायचं. त्यांनी त्याचीही थट्टा केली होती. "या वयात तोंडाला पाणी सुटतंय, डोहाळे लागले की काय मला!" रक्तदाबाची नवी गोळी त्या सकाळी घेत. मी वेळा जुळवल्या आणि तो गोळीचा परिणाम ठरवला. सोमवारी डॉक्टरांना दाखवू म्हटलं होतं.

"काय झालं? पडली का पोर?" त्यांनी विचारलं.

"तिनं फुलांतला मध खाल्ला."

"मग? खाल्ला तर खाल्ला. त्यात काय एवढं?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "काही फुलांचा मध बाधतो आई. दवाखान्यात दाखवून आणते." कपाटाचं कुलूप काढून मी ती रिकामी बाटली पर्समध्ये टाकली. त्यांनी ती पाहिली नाही. त्या पोट धरून भिंतीला टेकल्या होत्या.

"तुम्हीही चला," मी म्हटलं.

"मी कुठे येऊ या अवस्थेत? वाटेत शोभा होईल. तू जा, पोरीला बघ आधी."

आणि मग मी जे बोलले ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. मी चपला घालता घालता म्हणाले, "मग पुदिन्याचं पाणी करून घ्या. आज जरा कडक करा. पोटाला आराम पडेल."

"करते," त्या म्हणाल्या. "जा तू."

टॅक्सीत लिंबीला मांडीवर घेऊन मी तिच्या डोळ्यांत बघत होते. बाहुल्या नीट दिसत होत्या. नाडी मोजली, जलद, पण रडण्यानं असू शकते. मग मी हिशेब मांडला. फुलावरचा एवढासा एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. फुलं उमलल्याला चार दिवस, रोज चार धरले तरी सोळा थेंब. मधात विष किती उतरतं याचे आकडे मी कधीकाळी वाचले होते. त्यातला सगळ्यात वाईट घेतला, तो दहापट केला. तरीही जे आलं ते वीस किलोच्या मुलीला बाधायला कितीतरी कमी होतं. मी पुन्हा केला. उत्तर तेच आलं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कुठेतरी काहीतरी जुळत नव्हतं आणि ते काय ते मला पकडता येत नव्हतं.

"आई, मी मरणार का?" लिंबीनं विचारलं.

"नाही."

"मग तू माझा हात इतका घट्ट का धरलायस?"

टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी जोरात घेतली.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. मी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि काय घातलं, किती, कधी, हे चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी लेबल वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"लेबल कुणी लावलं?"

"मी."

"लोक आमच्याकडे लोणच्याच्या बरणीत विष आणतात आणि कसलं ते सांगू शकत नाहीत. हे बरं केलंत."

ती शाबासकी मला नको होती.

त्यांनी लिंबीला तपासलं. डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली, जीभ बघितली. "मला तर ही फक्त घाबरलेली दिसतेय," त्या म्हणाल्या. "पण दोन-तीन तास इथेच ठेवू. लाळ, घाम, उलटी, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, यातलं काही दिसलं तर लगेच हाक मारा. बाहुल्या बारीक होतात, ते आम्ही बघत राहू."

लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. मी मान हलवली. शब्द कानात शिरले आणि तिथेच बसून राहिले. मग मी म्हणाले, "माझ्या सासूबाईंना चार दिवस हेच होतंय. त्याही मध चाखायच्या. पण रोज एकच थेंब."

"एका थेंबानं मोठ्या माणसाला इतकं?" त्यांनी भुवया उंचावल्या. "दुसरं काही पोटात जातंय का? आठवून बघा. त्यांना इकडेच बोलावून घ्या."

त्यांना पलीकडच्या खाटेवर हाक आली म्हणून त्या गेल्या. मी घरचा फोन लावला. वाजत राहिला. न्हाणीघरात असतील, असं म्हटलं आणि पुन्हा लावला.

लिंबी खाटेवर बसून पाय हलवत होती. "आजी वेलीला पाणी घालत असेल," ती म्हणाली. "रविवारी मी थाळी धरते. आज मी नाही तर सांडेल तिचं."

"कसली थाळी?"

"कुंडीखालची. वेलीचं उष्टं पाणी. ते टाकायचं नाही, आजी म्हणते पाणी टाकलं की पाप लागतं. मी थाळी धरते आणि आजी ते पुदिन्याला घालते. पुदिना उष्टं खातो. त्याला चालतं."

उभी होते ती खाटेच्या कडेवर बसले.

अकरा वर्षं मी हे रोज बघत होते. भाज्या धुतलेलं पाणी जास्वंदीला, तांदूळ धुतलेलं गुलाबाला, वेलीच्या थाळीतलं स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या पुदिन्याला. आमच्या घरात पाणी एकदा वापरून कुणी फेकत नाही. मी मोजे घातले, लेबल लावलं, कुलूप लावलं. आणि ज्या कुंडीत माती नाही, जिच्यातून पाणी चाळणीसारखं खाली येतं, तिच्यात दहा ग्रॅम दाणे घातले. ते विष वेलीनं किती घेतलं असेल? बरंचसं थाळीत उतरलं. थाळीतून पुदिन्यात. मातीत, जिथे ते टिकतं, आणि अशा झाडात जे चार दिवसांत वीतभर वाढतं. आणि सासूबाई रोज सकाळी गोळीबरोबर त्याच पुदिन्याची मूठभर पानं उकळून पितात. मी चहा पिते. लिंबीला पुदिना टूथपेस्टसारखा लागतो. त्या एकट्याच पितात.

आणि आज मी त्यांना कडक करून घ्या म्हणाले होते.

तिसऱ्यांदा फोन वाजून वाजून बंद झाला. आमच्या खाली शिंपीकाकांचं दुकान आहे. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांना लावला.

"काका, वर जा. आत्ता. किल्ली घेऊन."

"अगं, गिऱ्हाईक उभं आहे समोर, माप घेतोय..."

"काका, आई विष प्यायल्यात. चुकून. धावा."

टेप खाली पडल्याचा आवाज आला. मग जिना, धापा, किल्लीची खडखड. मी फोन कानाला धरून डॉक्टरीणबाईंकडे धावले आणि त्यांना एका दमात सांगितलं. त्यांनी दुसरं काही न विचारता रुग्णवाहिकेला फोन लावला आणि माझ्याकडून पत्ता घेतला.

"सापडल्या," काका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "स्वयंपाकघरात. खाली बसल्यात, ओट्याला टेकून. अहो ताई! ताई! बोलत नाहीत गं. तोंडातून फेस... फेस नाही, लाळ. खूप लाळ."

"श्वास चालू आहे?"

"आहे. घरघर आवाज येतोय."

"त्यांना डाव्या कुशीवर वळवा. लाळ बाहेर वाहून जाऊ दे, घशात जाऊ देऊ नका. काही पाजायचं नाही. पाणीसुद्धा नाही. काका, त्यांच्या डोळ्यांत बघा. मधली काळी बाहुली केवढी आहे?"

"अगं, मी शिंपी आहे, डॉक्टर नाही."

"म्हणूनच विचारतेय. माप सांगा."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी थांबले. डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"टाचणीचं डोकं," काका म्हणाले. "नाही. त्याहून लहान. टोक म्हण."

मी मोठ्यानं तेच म्हणाले, "टाचणीचं टोक." डॉक्टरीणबाई वळून परिचारिकेला म्हणाल्या, "ॲट्रोपिन काढून ठेवा. जास्त काढा."

"ओट्यावर कप आहे का काका?"

"आहे. अर्धा संपलाय. पुदिन्याचा वास येतोय."

अर्धा. मी त्या अर्ध्या कपाला धरून राहिले. अख्खा नाही, अर्धा.

रुग्णवाहिकेला बावीस मिनिटं लागली. त्या बावीस मिनिटांत काका मला सांगत राहिले: आता श्वास घेतला. आता घेतला. आता जरा थांबला होता, घेतला. मध्येच ते रडायला लागले, मग स्वतःच म्हणाले, "रडून काय होणार, थांब, मोजतो," आणि पुन्हा मोजायला लागले. लिंबी माझ्या कमरेला बिलगून उभी होती. ती आकडे ऐकत होती.

सासूबाईंना आणलं तेव्हा त्यांच्या गालांचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते, जणू आत किडे वळवळतायत. डॉक्टरीणबाईंनी उताऱ्याची पहिली सुई दिली, दहा मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराला काचेची खिडकी होती. नाडीचा आकडा यंत्रावर दिसत होता: बेचाळीस. मी त्या आकड्याला नजरेनं धरून ठेवलं, जणू नजर काढली तर तो पडेल. चव्वेचाळीस. एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस. काकांनी कळवल्यावर नवऱ्याचा फोन आला. तो यंत्रं बसवायच्या कामाला परगावी होता. "आई कशी आहे?" तो म्हणाला. "आणि हे झालं कसं?" मी म्हणाले, "पहिल्याचं उत्तर अजून माहीत नाही. दुसऱ्याचं तू इथे आलास की तोंडावर देते. निघ." पंचावन्न. बासष्ट.

दुपारी साडेतीनला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि भिंतीला टेकल्या. "छाती कोरडी झाली," त्या म्हणाल्या. "या जातीचं विष अंगातून उतरतं, ते एक बरं. रात्र इथेच काढू. उद्या बोलतील." मग त्यांनी विचारलं, "अजून कुणी त्या पुदिन्याचं काही खाल्लंय? शेजारीपाजारी?"

काका रुग्णवाहिकेतूनच आले होते, मी त्यांना विचारलं. काकांनी घरातून आणलेल्या पिशवीकडे पाहिलं. त्यांनी कप, थाळी आणि पुदिन्याची कुंडी, तिन्ही एकात एक बांधून आणलं होतं. "मला ताईंनी परवा जुडी देऊ केली होती," ते म्हणाले. "मी म्हटलं, मला पुदिन्यानं शिंका येतात." हे बोलून ते बाकावर बसले.

सकाळी आठला मी आत गेले. लिंबीला रात्री काकांच्या बायकोकडे पाठवलं होतं. ती ठणठणीत होती, दोनदा खाल्लं होतं. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. उताऱ्यानं बाहुल्या आता इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे अनोळखी वाटत होते. औषधानं तोंड कोरडं पडलं होतं, ओठांना सालपटं सुटली होती.

"पोर?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. काही झालं नाही तिला."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. बँकेत गेला होतात तेव्हा, इथपासून अर्ध्या कपापर्यंत. काही गाळलं नाही. मी त्यांच्याकडे न बघता चादरीच्या शिवणीकडे बघत बोलत होते.

चादरीच्या कडेवरून त्यांची बोटं एकदा फिरली.

"म्हणजे ढेकूण माझ्या साबणानं गेला नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा होता.

"नाही."

"मी समोरच्या घरातल्या बाईंना कृती लिहून दिलीये. त्यांना सांग, उपयोग नाही म्हणून."

"सांगते."

"मला विचारलं असतंस तर?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"हो. पुन्हा नकोच म्हणाले असते." त्यांनी मान वळवली. "आणि वेल?"

"ती ठेवता येणार नाही आई. साल, मुळं, फुलं, सगळं प्रयोगशाळेत नेऊन नष्ट करावं लागेल. तिथेही सगळं सांगावं लागेल मला, आज जाऊन. नोकरीचं काय होईल ते होईल."

"झुबके किती आहेत आत्ता?"

"चौदा."

"चौदा," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांना रडायचं होतं असं मला वाटतं, पण त्या औषधानं डोळ्यांतलं पाणीही आटवलं होतं.

मग त्यांनी पाणी मागितलं. उशाशी जग होता. मी ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबवला. पाण्यात पाहिलं, मग माझ्याकडे. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. दांड्या कापल्या तेव्हाही नाही. त्या चिडल्या नव्हत्या. त्या मला घाबरल्या होत्या.

"आधी तू घे," त्या म्हणाल्या.

मी दोन घोट प्यायले आणि ग्लास परत दिला.

"किती वेळ लागतो?"

मला कळायला एक क्षण गेला. "अर्धा तास," मी म्हणाले. "कधी त्याहून कमी."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून अकरा मिनिटं झाली होती. ग्लास मांडीवर दोन्ही हातांनी धरून त्या बसून राहिल्या. त्यांची जीभ ओठांवरून फिरत होती आणि टाळूला चिकटल्यासारखा बारीक आवाज येत होता. आई, प्या हो, असं मला म्हणायचं होतं. पण माझ्या म्हणण्यावर त्या कालच एकदा प्यायल्या होत्या.

आठ अडतीसला त्या म्हणाल्या, "इकडे बघ. डोळे मोठे कर."

मी पुढे वाकले. त्यांनी चष्म्याशिवाय, माझ्या चेहऱ्याला चेहरा लावून, एकेका डोळ्यात बघितलं, जसं पानामागचा किडा शोधताना बघायच्या. त्यांचा श्वास माझ्या गालावर येत होता. मग त्या मागे सरकल्या आणि पाणी प्यायल्या. घोट घोट, अर्धा ग्लास.

उरलेलं पाणी घेऊन त्यांनी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत एकही कुंडी नव्हती. त्यांनी ग्लास माझ्यापुढे केला.

"हे बेसिनमध्ये ओत," त्या म्हणाल्या. "आणि नळ सोड वरून."